संघ कुठेही जात नाही

माईकबाई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही जाहीर करत नाहीत, ही त्या फुटबॉलच्या मैदानावरची दगडावरची रेघ होती. बदली खेळाडूची चिठ्ठी वर त्यांच्या खोलीत आली की बाई आधी कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या, खिडकीतून खाली वाकायच्या, तो गडी खरंच मोजे वर ओढून रेषेपाशी उभा आहे का ते बघायच्या आणि मगच बटण दाबायच्या. तोवर खाली पंच हात हलवून हलवून बेजार व्हायचा आणि प्रशिक्षक शिव्या घालायचा. बाई ढिम्म. एकदा एका जखमी खेळाडूला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि डॉक्टरांनी वर निरोप पाठवला, तो ठीक आहे म्हणून सांगा. बाई स्वतः जिना उतरून गेल्या, त्याला पाय हलवायला लावला, पुन्हा जिना चढून आल्या आणि धापा टाकत माईकवर म्हणाल्या, "पाय हलतोय. मी पाहिलंय." आधी सगळं मैदान हसलं आणि मग टाळ्या पडल्या. तेव्हापासून "मी पाहिलंय" हे त्यांचं ठरूनच गेलं. हरवलेलं पोर सापडलं, पावसाचे ढग सरकले, काहीही असो, शेवटी ते दोन शब्द आले की लोक निर्धास्त व्हायचे.

मूळच्या त्या बसस्थानकावरच्या. चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायच्या. ही खोड तिथली. वेळापत्रकात गाडी असली तरी ती फलाटाला लागलेली दिसल्याखेरीज पुकारायची नाही, कारण पुकारलेली गाडी आली नाही तर लोक बोचकी घेऊन खिडकीवरच चालून येतात. वेळापत्रकाला कुणी जाब विचारत नाही. पुढे स्थानकावर यंत्र आलं आणि गाड्या यंत्र पुकारायला लागलं, आलेल्याही आणि न आलेल्याही. बाईंना मग फुटबॉल क्लबने बोलावून घेतलं. पगार बेताचा होता, पण अख्खं शहर गप्प बसून आपलं ऐकतंय हे सुख बसस्थानकावर कुठलं? घरात तर ते मुळीच नव्हतं. नवऱ्याचा डावा कान अधू होता, आणि बाई बोलायला लागल्या की तो नेमका डावीकडे वळायचा. "संसाराला लागेल तेवढंच ऐकू येतं मला," असं तो पाहुण्यांना खुशीत सांगायचा.

बाईंची धाकटी बहीण आणि तिचा नवरा त्याच मैदानावर, पूर्वेच्या गॅलरीखाली, कॉफी आणि तळलेल्या बटाट्याच्या कापांचा गाळा चालवायचे. गाळा क्लबचा, हंगाम सुरू होण्याआधी भाडं आगाऊ भरायचं आणि सामन्यांच्या गर्दीवर वर्ष काढायचं. धाकटी तोंडाने फटकळ, पण ताईच्या बाबतीत हळवी. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "वरती बोलते ना, ती माझी सख्खी बहीण. आज रविवार आहे असं म्हणाली तरी आधी कॅलेंडर दोनदा बघून आलेली असते." लहानपणी शाळेचा निकाल बघायलाही ती स्वतः जायची नाही, ताईला पाठवायची. ताई सांगेल ते खरं.

आणि तिसरा होता कप्तान. आता तो क्लबचा व्यवस्थापक होता, पोट सुटलेला, दोन फोन बाळगणारा. पण बाईंना तो आठवायचा तो काठीसारखा बारीक, लांबच्या खेड्यातून आलेला, बुटांच्या नाड्यांना गाठी मारलेल्या असा. पहिल्याच वर्षी त्याचा घोटा मोडला. क्लबने त्याला एका खोलीत नेऊन टाकलं आणि क्लब विसरून गेला. तेव्हा बाई डबा घेऊन जायच्या. पुढे तो चालायला लागला तेव्हा डबा बंद झाला आणि तोच जेवायला घरी यायला लागला. त्याचा पहिला गोल बाईंनी पुकारला होता. त्याची आई गेली तेव्हा मैदानाला उभं राहायला बाईंनीच सांगितलं होतं, आणि बोलताना त्यांचा आवाज फाटला होता. सगळ्या जगाला तो कप्तान, बाईंना 'आमचा'.

त्या वर्षी हंगाम संपत आला आणि शहरात कुजबुज सुरू झाली की मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेणार. मालक म्हणजे टायरचे कारखानदार. मैदानावर ते वर्षातून एकदा येत आणि मध्यंतरातच जात, त्यामुळे त्यांच्याबद्दल काहीही खरं वाटायचं. तिकडच्या शहराने म्हणे नवंकोरं स्टेडियम बांधलंय आणि ते फुकट देऊ केलंय. इकडे पुढच्या हंगामाचे पास विक्रीला निघायचे होते, पण खिशात हात घालायला कुणी तयार होईना. पास कशाला घ्यायचे? रिकाम्या मैदानाला टाळ्या वाजवायला?

धाकटीने तर गाळ्याचं आगाऊ भाडं भरायचं थांबवलं. त्यात नेमकी त्याच आठवड्यात तिच्यासमोर एक संधी चालून आली होती. दवाखान्यासमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराला म्हातारपणामुळे दुकान सोडायचं होतं, आणि धाकटीच्या हातची कॉफी प्यायलेला असल्यामुळे त्याने पहिला शब्द तिलाच दिला होता. तिथे कॉफी विकायची तर बारा महिने गिऱ्हाईक, डोक्यावर पक्कं छप्पर. पण साठवलेल्या पैशांत एकच काहीतरी जमणार होतं, दुकान नाहीतर मैदानावरचा गाळा. एका संध्याकाळी ती बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ताई, संघ राहणार असेल तर मला गाळा सोडवत नाही. लग्न झाल्यापासून तिथेच उभी आहे मी. पण जाणार असेल तर आत्ताच सांग. दुकानवाला रविवारपर्यंत थांबलाय."

"मला काय माहीत गं?"

"तुला नसेल माहीत. पण तू बघून येशील. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

बाई दुसऱ्याच दिवशी सरळ कप्तानाच्या ऑफिसात गेल्या आणि त्याला विचारलं. त्याने तोंडाने काही सांगितलं नाही. "चला," म्हणाला, आणि त्यांना मैदानावर घेऊन गेला. पश्चिमेच्या गॅलरीला शिड्या लागल्या होत्या आणि रंगारी निळा रंग देत होते. कित्येक वर्षं पोपडे धरलेल्या भिंती नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. गोलसमोरच्या उखडलेल्या जागी नवं गवत लावलं जात होतं. कुरकुरणाऱ्या फाटकाला कुणीतरी तेल घातलं होतं. बाईंनी ते मुद्दाम दोनदा उघडून मिटून बघितलं. ओल्या भिंतीला बोट लावलं तर बोटाला रंग लागला.

"सोडून जायचं घर कुणी एवढं रंगवतं का रे?" बाई म्हणाल्या.

कप्तान हसला. मग खिशातून एक कागद काढून म्हणाला, "शेवटच्या सामन्याला एवढं वाचा, बाई. लोक तुमचं ऐकतात."

रविवारी मध्यंतरात बाईंनी बटण दाबलं. "संघ कुठेही जात नाही. पुढच्या हंगामाचे पास उद्यापासून तिकीट खिडकीवर मिळतील." कागद तिथे संपला होता. पण खाली एवढी माणसं मान वर करून बघत होती, पूर्वेच्या गॅलरीखाली धाकटी हातातला झारा तसाच धरून उभी असणार हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पदरचे दोन शब्द घातले. "मी पाहिलंय."

मैदान उठून उभं राहिलं. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सोमवारी खिडकीपुढची रांग बसस्थानकापर्यंत गेली. धाकटीने दुकानवाल्याला नाही म्हणून कळवलं, गाळ्याचं आगाऊ भाडं भरलं, आणि उरलेल्या पैशांत तळणीचं नवं मशीन घेतलं, कारण आता गर्दी वाढणार होती.

रंग नीट वाळला आणि ट्रक आले.

बाईंना ते नवऱ्याने सांगितलं. तो रेडिओ ऐकत होता. बाई म्हणाल्या, तुम्ही डाव्या कानाने ऐकलं असेल. त्याने नुसता रेडिओ मोठा केला. मालकांचा आवाज होता. नव्या शहराचे आभार मानत होते, तिथल्या नगराध्यक्षांचं कौतुक करत होते, संघाच्या नव्या नावाबद्दल सांगत होते. जुन्या शहराबद्दल एक वाक्य होतं, त्यात 'ऋण' हा शब्द आला. पासाच्या पैशांचं नाव त्यांनी काढलं नाही.

बाई तशाच उठून मैदानावर गेल्या. कप्तानाच्या ऑफिसात भिंतीवरच्या तसबिरी उतरवून वर्तमानपत्रांत गुंडाळणं चाललं होतं. तो एका खोक्यावर गुडघा रोवून दोरी बांधत होता.

"तू मला रंग दाखवलास," बाई म्हणाल्या.

"रंग देत होते, म्हणून दाखवला. कागद मालकांचा होता. मी खोटं कुठे बोललो?"

"मी विचारलं होतं तुला."

"तुम्ही विचारलंत, सोडून जायचं घर कुणी रंगवतं का. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही." त्याने दोरीची गाठ पुन्हा सोडली. "मैदान शहराचं आहे, बाई. आम्ही भाडेकरू. करारातच आहे, सोडताना रंग देऊन, गवत लावून, घेतलं तसं परत करायचं, तर अनामत सुटते."

बाईंना खुर्ची दिसली असती तर त्या बसल्या असत्या, पण खुर्च्याही ट्रकात गेल्या होत्या. भाड्याच्या पहिल्या खोलीतून निघताना त्यांनी स्वतः नवऱ्याला शिडीवर चढवलं होतं. मालकिणीने अनामत बुडवू नये म्हणून दोघांनी दारामागची तेलकट भिंतसुद्धा घासूनपुसून पांढरी केली होती. सोडून जायचं घरच तर माणूस रंगवतो. राहत्या घराचे पोपडे कोण बघतं? आयुष्यभर भाड्याने राहिलेल्या बाईला हे कळू नये! आणि हे कळणार नाही, ही बाई स्वतःच्या डोळ्यांवर जाईल, हे मात्र त्यांच्या घरी जेवून मोठा झालेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

"मी वाचलं नसतं तर?"

"तर पास खपले नसते," कप्तान म्हणाला. तेवढं मात्र त्याने खरं सांगितलं. मग जरा नरम होऊन म्हणाला, "तिकडे चला ना तुम्ही. तिथे संघाला कुणी ओळखत नाही. तुमचा आवाज असला तर बरं पडेल. राहायला जागा देऊ."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या निघाल्या. फाटक उघडताना आवाज झाला नाही.

गल्लीत त्यांची पार शोभा झाली. पासवाले बरेच होते, आणि ज्यांनी पास घेतले नव्हते त्यांची जीभ तर जास्तच चालायला लागली. "बाई, आज पाऊस आहे का हो? बघून सांगा," असं कुणी विचारायचं. भाजीवाला म्हणायचा, "ताजी आहे, मी पाहिलंय." बाई मान खाली घालून पिशवी भरायच्या. ते सगळं सोसता आलं असतं. सोसवलं नाही ते धाकटीचं.

ती भांडायला आली नाही, तिथेच बाईंना धसका बसला. त्याच तिच्या घरी गेल्या. कोपऱ्यात नवं मशीन उभं होतं, वर चादर टाकलेली. धाकटी धुणं वाळत घालत होती.

"मला फसवलं गं त्याने," बाई म्हणाल्या.

"तुला त्याने फसवलं असेल. मला तू."

"मला माहीत असतं तर मी वाचलं असतं का?"

"माहीत नव्हतं तर 'मी पाहिलंय' कशाला म्हणालीस? ते कागदावर होतं?"

बाईंनी बादलीतला एक कपडा पिळायला घेतला.

"क्लबवर मी कधी विश्वास टाकला नाही, ताई. तो मालक, तो तुझा लाडका कप्तान, दोघांनाही मी उधार कॉफी दिली नसती. मी तुझ्यावर टाकला होता." एवढं बोलून तिने हातातला ओला कपडा झटकला आणि उरलेलं धुणं आत नेलं.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तिने भांडी घासायचं काम धरलं. येता-जाता तिला समोरचं ते दुकान दिसायचं. एका तरुण जोडप्याने घेतलं होतं आणि तिथे ती दोघं कॉफीच विकत होती. ते छान चाललं होतं. बाईंना हे नवऱ्याकडून कळलं, आणि ते जोडपं काय चांगली कॉफी बनवतं हेही त्याने वर सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला पहिल्यांदा उजव्या कानाशी जाऊन सुनावलं.

हिवाळ्यात एका सकाळी कप्तान दारात उभा राहिला. गालफडं बसली होती आणि दोन फोनांतला एकच उरला होता. बाईंनी त्याला पाणी दिलं. चहा विचारला नाही.

"तिकडे सगळं बसलंय, बाई," तो म्हणाला.

मग त्याने भडाभडा सांगायला सुरुवात केली. स्टेडियम फुकट होतं खरं, पण मालकांनी हमी लिहून दिली होती की संघ ते भरून दाखवेल. रिकाम्या खुर्च्यांची भरपाई क्लबने करायची. खुर्च्या भरेनात. तिथल्या लोकांचा आपला जुना संघ होता, सगळ्यात खालच्या श्रेणीत धडपडणारा, आणि ते छत्र्या घेऊन जाऊन त्यालाच बघायचे. नव्या नावाचे शर्ट गोदामात पडून होते. गाड्या उभ्या करायचे पैसे, खाण्यापिण्याचे पैसे, करारात बारीक अक्षरांत सगळं त्या शहराकडे गेलं होतं. जाहिरातदार म्हणाले, आधी माणसं दाखवा. इकडून पासांचा आगाऊ पैसा नेला होता तो ट्रकांत, हॉटेलांत आणि नव्या फलकांत कधीच उडाला. खेळाडूंचे पगार थकले.

"मी इथलं घर विकून तिकडे घेतलं. मालकांनी मलासुद्धा टोपी घातली, बाई."

"मग माझ्याकडे काय आहे?"

"एक सामना आपण इथे खेळतोय. जुन्या मैदानावर, घरच्या लोकांपुढे. जुने पास चालतील. गाळेवाल्यांनी गाळे उघडावेत, भरलेल्या भाड्यातच. तुम्ही फक्त बोलवा सगळ्यांना. पास दाखवा आणि आत या, एवढंच म्हणा."

बाईंच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. खोटं कशाला बोला. ती खिडकी, ते बटण, खाली पसरलेली माणसं. धाकटी गाळ्यात उभी. पण आता त्यांना बोट लावून ओली भिंत बघायची नव्हती.

"लोकांनी ग्राहक न्यायालयात दावा लावलाय. पासाचे पैसे परत मिळावेत म्हणून. गाळेवाल्यांनीही लावलाय. त्याचं काय?"

"ते चालू राहील."

"माझ्याकडे बघून सांग."

कप्तानाने ग्लास खाली ठेवला. "दारावर पासाचा कोपरा कापतात. कापलेला पास म्हणजे वापरलेला पास. वकील म्हणतात, मग दावा टिकत नाही."

"म्हणजे मी हाक मारून बोलवायचं आणि दारात तू केसाने गळा कापायचास."

"पोरं उपाशी आहेत, बाई."

"पोरं? तुझा घोटा मोडला होता तेव्हा तूही पोरच होतास. क्लबने विचारलं होतं तुला?" बाईंचा आवाज चढला, आणि तो खणखणीत, भिंतीवर आपटणारा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला नवरासुद्धा दचकून बाहेर आला. "माझ्या आवाजावर तू एकदा माझी बहीण विकलीस. आता परत नाही. ऊठ."

तो उठला. दारात चप्पल घालताना पाठमोराच म्हणाला, "ठीक आहे. आवाज तसा आहेच आमच्याकडे. मागे तुमच्या घशाचं ऑपरेशन होतं, त्याआधी नेहमीच्या घोषणांचा भरून ठेवला होता." बाई एवढ्या संतापल्या होत्या की तो काय म्हणाला ते त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही.

त्या धाकटीच्या घरी गेल्या. ती कामावर होती. तिच्या नवऱ्याला त्यांनी सगळं नीट समजावलं. गाळा उघडू नका, पास कापून घेऊ नका, हक्कावर पाणी सोडाल. तो बिचारा दारातच उभा राहून मान हलवत होता. "सांगतो तिला," म्हणाला. "पण ती ऐकेल असं नाही, ताई. तुमचं नाव काढलं की उठून जाते." बाईंनी गल्लीतही सांगून बघितलं. भाजीवाल्याने तेवढं विचारलं, "पाहिलंय का?"

सामन्याच्या दिवशी दुपारी बाई आणि नवरा जेवून बसले होते. खिडकी उघडी होती. मैदानाकडून वारं येत होतं आणि वाऱ्याबरोबर आवाज आला.

"आपल्या घरच्या मैदानावर आपलं स्वागत आहे. कृपया पास हातात तयार ठेवा. पास दाखवा आणि आत या."

नवऱ्याने चांगला कान खिडकीकडे केला. मग वळून बाईंच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं होतं. "तू तर इथे आहेस," तो म्हणाला.

कप्तान दारात काय म्हणाला होता ते आता बाईंच्या डोक्यात शिरलं. मग त्या उठल्या, चपला पायांत सरकवल्या आणि जवळजवळ धावतच निघाल्या. वाटेत प्रत्येक खांबावर कर्णा बांधला होता. एका कर्ण्याखालून जावं तर पुढच्यातून तोच आवाज समोर यायचा, स्वच्छ, जिव्हाळ्याचा, ऑपरेशनच्या आधीचा.

फाटकाबाहेर रांग लागली होती. माणसं आनंदात होती. कुणी कुणी जुने निळे शर्ट घालून आली होती. बाई रांगेच्या कडेने चालत एकेकाला सांगायला लागल्या. "पास कापून घेऊ नका. आत गेलात तर पैसे परत मिळणार नाहीत." वर्षानुवर्षं वरच्या खोलीत बसलेल्या बाईला गल्लीबाहेर चेहऱ्याने कोण ओळखणार? आणि धापेने आवाजही घोगरा झाला होता. एका गृहस्थाने त्यांना हाताने गप्प केलं. "बाई, जरा थांबा हो. माईकबाई काय सांगताहेत ते ऐकू द्या."

"अहो, मीच माईकबाई."

"आणि मी मालक," मागचा एक जण म्हणाला. आजूबाजूचे हसले. त्यात दुष्टावा नव्हता. खुशीत असलेली माणसं हसतात तसे हसले.

गाळेवाल्यांचं दार बाजूला होतं. तिथे हातगाडीवर ते तळणीचं मशीन बांधलेलं दिसलं आणि त्याच्या पलीकडे धाकटी. पायाशी बटाट्याचं पोतं, हातात भाडं भरल्यावर मिळालेला गाळ्याचा पास. दारावरचा माणूस कात्री घेऊन पुढच्याचा पास कापत होता. बाईंनी जाऊन तिचा दंड धरला.

"आत जाऊ नकोस. निरोप दिला होता मी."

"मिळाला."

"मग?"

"दावा कधी लागायचा, काय मिळायचं, कुणाला ठाऊक? आज निदान एक दिवस मशीन तापेल." धाकटीने दंड सोडवून घेतला नाही, पण बाईंकडे बघितलंही नाही. ती वरच्या कर्ण्याकडे बघत होती. "इथे येऊन मला जाऊ नको म्हणतेस, आणि तिथून ये म्हणतेस."

"ती मी नाही. तो भरून ठेवलेला आवाज आहे. माझी शपथ. माझ्या तोंडाकडे बघ, मी इथे तुझ्यासमोर उभी आहे. ती मी नाही गं."

पुढचा माणूस आत गेला. धाकटीने मान वळवून बहिणीकडे नीट बघितलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"नसशील," ती म्हणाली. "पण मागच्या वेळी तूच होतीस ना?"

बाईंचा हात आपोआप सुटला. धाकटीने पास पुढे केला. दारावरच्याने कोपरा कापला, तिने पोतं कमरेवर घेतलं आणि नवऱ्याला गाडी ढकलायला सांगून आत गेली. वर कर्ण्यातून बाई तिचं स्वागत करत होत्या.